ओहोटीची गोळी

स्वतःच्या लघवीचा इतका अभिमान बाळगणारा माणूस उभ्या रायगड जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मूत्रपिंडं थकल्यामुळे त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं आणि गाडी माझी असल्याने सारथ्यही माझंच. यंत्रावर गेलेल्या पुष्कळांची लघवी हळूहळू बंद पडते. मामांची थोडी शिल्लक होती. ती चालू राहावी म्हणून तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी लघवी वाढवणारी गोळी दिली आणि समजावलं की, जितकी जास्त होईल तितकं यंत्राला अंगातलं पाणी कमी ओढावं लागेल, तितकं तुम्हाला थोडं जास्त पिता येईल. मामांनी यातून एवढंच घेतलं की लघवी आहे तोवर चहाचा भरलेला कप आपल्या हक्काचा.

लघवी मोजायला खुणा असलेला प्लास्टिकचा मग तेव्हापासून त्यांच्या पिशवीत कायमचा राहायला आला. कुणी सहज तब्येत विचारली की ते तब्येत सोडून आकडा सांगत. ज्याने जन्मभर खाडीकाठच्या मिठागरात मीठ पिकवलं त्याला आता चिमूटभर मिठाचीही बंदी होती, पण त्याबद्दल कधी कुरकुर नाही. सगळं लक्ष मगावर. एकदा डायलिसिसला शेजारच्या खाटेवरच्या गुरुजींना त्यांनी उत्साहाने विचारलं, तुमची किती होते? गुरुजींनी भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर मामांनी तिथे मगाचा विषय पुन्हा काढला नाही.

गोळीची वेळ मात्र त्यांनी स्वतः ठरवली होती. आमच्याकडे खारजमिनीच्या बांधाला उघाडी असते, म्हणजे पाणी सोडायचं दार. ते ओहोटीलाच उघडायचं. भरतीला उघडलं तर शेतातलं पाणी जायचं राहिलं बाजूला, खाडीच आत येते आणि भात जातं. मामांनी ऐन उमेदीत गावची उघाडी सांभाळलेली. तेव्हा शरीरातलं पाणीही ओहोटीलाच बाहेर पडणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. तिथीवरून ओहोटीची वेळ त्यांना तोंडपाठ असे, आणि गोळी रोज थोडी थोडी पुढे सरकत दिवसभर फिरे.

माझ्या मेव्हणीच्या लग्नात ओहोटी नेमकी मुहूर्तालाच आली. नवरीला मामाने मांडवात आणायचं, हा रिवाज. नवरी तयार, अंतरपाट धरलेला, आणि मामा गायब. भटजींनी एकच मंगलाष्टक दोनदा म्हटलं. सासूबाईंचा चेहरा बघवत नव्हता. अखेर मामा आले ते विजयी वीरासारखे, आणि भाचीचा हात धरता धरता त्यांनी लांबूनच बोटांनी मला आकडा दाखवला. आहेराची खूण समजून वरपक्षाचे लोक खूश झाले.

हे मी डॉक्टरीणबाईंच्या कानावर घातलं. त्या आधी पोटभर हसल्या. मग, भरती असो की ओहोटी, रोज सकाळी आठला गोळी घ्यायची असं त्यांनी बजावलं. मामांना ते पटलं नव्हतं, पण शिकलेल्या पोरीचा शब्द मोडायचा नाही म्हणून त्यांनी मान डोलावली. मामी आठच्या ठोक्याला गोळी हातावर ठेवू लागली.

पुढे काही महिने बरे गेले. नंतर मगातली पातळी खाली खाली येत गेली. गोळी वाढवून पाहिली, उपयोग झाला नाही, आणि एक दिवस मग कोरडाच राहिला. डॉक्टरीणबाईंनी गोळी बंद केली. असं बहुतेकांचं होतंच, यात कुणाची चूक नाही, असं त्या मामांच्या खाटेवर बसून बराच वेळ सांगत होत्या. मामा उलट त्यांनाच धीर दिल्यासारखे ऐकत होते.

परतीच्या वाटेवर खाडीचा पूल आला तेव्हा त्यांनी खिडकीतून खाली पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आठची गोली कवा भरतीत जायची, कवा ओहोटीत. भरतीत उघाडी उघडल्यावर दुसरं काय व्हनार?"

मी तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर केला.

"त्या पोरीला सांगू नका, जावईबापू. तिला वायट वाटंल."

मी काही समजावत बसलो नाही. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं आणि गाडी चालवायची होती.

घरी आल्यावर बायकोने सवयीने मामांपुढे चहाचा भरलेला कप ठेवला. मामांनी तो उचलला, अर्धा माझ्या कपात ओतला आणि उरलेला ते फार सावकाश प्यायले.