डोंगरवकिलांनी न घेतलेलं प्रायश्चित्त

धारवाडच्या कोर्टात दिवसभर हळू आवाजात बोलणारे आमचे डोंगरवकील सकाळी मात्र पाठीवर दगडांचं पोतं बांधून केलगेरीच्या तळ्याभोवती फिरत. नेसायला धोतर, अंगात कोर्टाचा जुना काळा कोट आणि पाठीवर दगड. एकदा दूध घालायला निघालेल्या बाईने विचारलंच, "याव देवर हरकी री, वकीलर?" कुठल्या देवाचा नवस, म्हणून. देव अजून पाहिला नाही, पाहून आलो की सांगतो, असं त्यांनी तिला कानडीतच गंभीरपणे सांगितलं. मी तेव्हा त्यांच्या हाताखाली वकिली शिकत होतो आणि सप्तापुरात त्यांच्या घरामागच्या खोलीत राहत होतो.

त्यांना पेरू देशातल्या इंका लोकांच्या मुलखाचं वेड लागलं होतं. वकिलांच्या खोलीतल्या एका इंग्रजी मासिकात त्यांनी तिथल्या भिंतीचं चित्र पाहिलं होतं. चुन्याशिवाय बसवलेल्या प्रचंड शिळा, सांध्यात सुरीचं पातंही शिरत नाही म्हणे. ते 'म्हणे' त्यांना सोसेना. स्वतः हात लावून बघणार म्हणाले, आणि डोंगर चढायच्या सरावासाठी दगड वाहू लागले. बाररूममधली मंडळी त्यांना 'डोंगरवकील' म्हणून चिडवत आणि वर सांगत, पेरूच हवा तर धारवाडच्या बाजारात काय कमी आहेत! वकीलसाहेब हसत आणि दुसऱ्या दिवशी पोत्यात आणखी एक दगड टाकत.

घरात आई आणि तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली थोरली बहीण, अक्का. आईने एवढंच विचारलं की तिकडे खायला काय मिळतं. बटाटा मूळचा तिकडचाच, असं कळल्यावर ती म्हणाली, "मग जा. उपासाला तरी अडणार नाही तुझं." वाटणीचं शेत विकून हा गृहस्थ मुंबईहून बोटीत बसला. आणि तो तिकडे डोंगरात असताना इकडे आई गेली.

 परतल्यावर ते हळूहळू तिकडचं सांगू लागले. भिंतीला त्यांनी खरोखरच हात लावला होता. एका खोल दरीवर गवताच्या दोरांचा पूल होता, गावकरी दरवर्षी जुना टाकून नवा विणत. त्या पुलाच्या मधोमध यांनी दोन्ही दोर घट्ट धरले आणि मागे वळून पाहिलं. "मागं फिरायचं तरी तेवढंच अंतर होतं," ते म्हणाले, "मग पुढंच गेलो." एका गावात वर्षातून एक दिवस माणसं शिजवलेलं अन्न घेऊन आपल्या मेलेल्यांकडे जात, थडग्यांपाशी बसून जेवत आणि त्यांच्याशी बोलत. यांनाही त्यांनी बसवून घेतलं, कुठला कोण म्हणून विचारलं नाही. आई गेल्याचं पत्र तोवर त्यांच्या हाती पडलं होतं. तिथे बसून मी पोटभर रडलो, असं त्यांनी मला सांगितलं.

आईचं वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा भटजींनी अट घातली. मुंबई-पुण्यात समुद्र ओलांडल्याचं कुणाला काही वाटेनासं झालं होतं, आमच्या गल्लीत मात्र अजून वाटत होतं. आधी पंचगव्य घेऊन प्रायश्चित्त करा, एका सकाळचं काम आहे, मग श्राद्ध. वकीलसाहेब म्हणाले, जो गुन्हा घडलाच नाही तो मी कबूल करणार नाही. गल्लीतल्या वडीलधाऱ्यांनी दम भरला की कुणीही ब्राह्मण तुमच्या पानावर बसणार नाही. मला त्या लोकांचा आजही राग येतो.

अक्का रोज विनवत होती. आईचं श्राद्ध चुकणार या विचाराने तिचं जेवण सुटलं होतं.

"आईसाठी तरी घोटभर घे की रे," ती म्हणाली.

"आईनंच पाठवलं मला, अक्का. मी प्रायश्चित्त घेतलं तर तिनंही पाप केलं असं ठरतंय."

अक्का उठली आणि श्राद्धासाठी तांदूळ निवडायला बसली.

श्राद्धाच्या दिवशी तिने पहाटेपासून सोवळ्यात स्वयंपाक केला. खीर, वडे, सगळं. वकीलसाहेबांनी पानं मांडली. आईच्या जागी बसायला ब्राह्मण हवा, आणि दुपार उलटली तरी कुणी आलं नाही. समोरच्या ओट्यांवर मंडळी उगाच उभी होती. डोंगरवकील दाराकडे बघत होते आणि पहिल्यांदाच मला ते थकलेले दिसले.

तेवढ्यात अक्का स्वयंपाकघरातून आली, पदर डोक्यावर नीट घेतला आणि सरळ आईच्या पानावर जाऊन बसली. विधवा बाईने श्राद्धाच्या पानावर बसायचं, हे कुणी ऐकलंही नव्हतं. दार सताड उघडं होतं. लावून घेऊ का, म्हणून मी पुढे झालो, तर तिने हातानेच थांबवलं.

"वाढ," ती भावाला म्हणाली. "तिच्या पोटची मी आहे. माझ्याहून जवळचं कोण आणणार आहेत ते?"

त्यांनी वाढलं. दुसऱ्या पानावर मी बसलो. त्या दिवसापासून गल्लीतल्या पंगती मलाही बंद झाल्या, आणि खरं सांगतो, मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

डोंगरवकील पुढे पुष्कळ जगले. प्रायश्चित्त त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. आज ते नाहीत, अक्काही नाही. माझ्या घरी माझ्या आईचं श्राद्ध असतं तेव्हा तिच्या पानावर माझी बहीण बसते. दार आम्ही उघडंच ठेवतो.