अक्कांना न कळलेलं कार्टून

अक्कांना वाकडी रेघ खपत नसे. राहुरीत आमच्या आळीत त्या ब्लाउज शिवायच्या. शिवण दोराभर जरी सरकली तरी सगळं उसवून पुन्हा शिवायला बसणार. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणायच्या, "घाई आसंल तर बाजारातनं तयार घे बाई."

अशा बाईच्या पोटी संदीप जन्मला, माझा जिवलग मित्र. तो नगरच्या एमआयडीसीत पाळीवर जायचा आणि सुट्टीला टीव्हीसमोर लोळून मोठ्यांची ती चमत्कारिक इंग्रजी कार्टून बघायचा. त्यातल्या त्याच्या लाडक्या कारकुनाचं डोकं रोज गळून पडायचं, मग तो ते डब्याच्या पिशवीत घालून ऑफिसात न्यायचा. साहेब म्हणजे एक वांगं. अक्का शिलाई मशीनवरून ओरडायच्या, "आरं, कुनी काढलंय हे? दोन्ही डोळे एकाच गालावर!"

"अक्का, कामावर दिवसभर तोंड सरळ ठेवावं लागतं," तो म्हणायचा. "हितं कुनाचंच सरळ न्हाई, लई बरं वाटतं. ये ना, बघ तरी."

"मला येळ न्हाई." हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

गेल्या वर्षी पाळीला जाताना नगर-मनमाड रस्त्यावर एका ट्रकनं त्याची मोटारसायकल उडवली. संदीप जागेवरच गेला.

तेरावं झाल्यावर अक्कांनी मला बोलावलं. "ते डोकं पडणाऱ्याचं लाव," म्हणाल्या. "त्यात हसायचं कुटं, ते मला दाव." तेव्हापासून दर रविवारी दुपारी आम्ही दोघं बसायचो. मी वाक्यावाक्याला मराठीत सांगायचो, आणि विनोद समजावून सांगायला गेलं की त्याचा पार भुगा होतो. अक्का परीक्षेला बसल्यासारख्या बघायच्या. मध्येच विचारायच्या, "हितं हसला आसंल का रं त्यो?" मी हो म्हणायचो. मला तरी काय ठाऊक!

परवाच्या भागात कारकुनाची आई आली. लेकाचं नुसतं डोकं मांडीवर घेऊन ती त्याला घास भरवत होती. घास मानेतून खाली पडत होते, तरी बाईचं आपलं चालूच, अजून एक खा, अजून एक खा. मी काही सांगायच्या आत अक्का फिस्कन हसल्या. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग ते पाणी काही थांबेना.

"कळलं रं मला," त्या म्हणाल्या. "आता सांगू कुनाला?"