तुझ्या मायले कोण नेऊन देते?

मी गाव सोडलं त्या सकाळी आईने एसटीच्या दाराशी माझ्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला. अंगठ्याला लसणाचा वास होता, कारण माझ्या शिदोरीची चटणी तिने नुकतीच वाटली होती. "तिकडं देऊळ असंल ना रं?" एवढंच तिने विचारलं. आमच्या घरात चर्चला देऊळच म्हणतात. मी म्हणालो, "नागपूर आहे आई, असेलच." खरं तर मी चौकशीच केली नव्हती. तिथल्या इतवारी बाजारात भांड्यांच्या ठोक दुकानात नोकरी लागली होती, तेवढंच मला माहीत होतं. बस सुटली तेव्हा आई हात हलवत नव्हती, नुसती उभी होती. धाकटा भाऊ तिच्या शेजारी होता. तो राहिला आणि मी गेलो. आमच्या घराची वाटणी त्या दिवशीच झाली असं मला पुढे वाटू लागलं.

नागपुरात देऊळ होतं, आणि चांगलं मोठं होतं. सकाळची मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, इंग्रजीत, मधली हिंदीत, संध्याकाळची मराठीत. तामिळ, मल्याळी, गोव्याचे, कामठीचे असे सगळे एकाच फाटकातून आत येत. नगरकडचा मी एकटाच असावा. पहिली काही वर्षं शेवटच्या बाकावर बसलो. मग एकदा फादरनी शास्त्रपाठ वाचायला उभं केलं. बाहेर आल्यावर बाकीच्यांनी घेरलं, "काय भाऊ, तुम्ही तर रेडिओवरच्या बातम्या देऊन राहिले!" थट्टा होती, पण त्या दिवसापासून मी नागपूरचा झालो. आजही तिथे उभा राहून "हे प्रभूचे शब्द आहेत" म्हणताना मला नवल वाटतं. दिवसभर झाऱ्या-पळ्यांचे भाव सांगणारं तोंड तेच.

पन्नाशीजवळ आलो तेव्हा आजाऱ्यांच्या घरी कम्युनियन नेण्याची सेवा माझ्याकडे आली. मिस्सेत पवित्र झालेली गव्हाची पातळ भाकर चुन्याच्या डबीएवढ्या एका डबीत ठेवायची, डबी छातीशी धरायची आणि थेट त्या घरी जायचं. वाटेत थांबायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत, कारण आमच्या श्रद्धेने तुमच्याजवळ साक्षात ख्रिस्त असतो. ज्या घरी जायचं तिथे टेबलावर पांढरं कापड, मेणबत्ती, क्रूस आणि पेल्यात पाणी मांडून ठेवतात. मला त्या कापडांचंच कुतूहल वाटू लागलं. कुणी लग्नातला रुमाल काढतं, कुणी नातवाचं दुपटं धुऊन इस्त्री करतं, एकाने तर घडी न मोडलेलं धोतर अंथरलं होतं. माणसं कुणासाठी काय जपून ठेवतात, हे मला या कामात कळलं.

ज्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो त्या सुसन्नाबाई मूळच्या कामठीच्या. नवरा गेलेला, लेक दुबईत, गुडघे कामातून गेलेले. माझ्या पहिल्याच रविवारी मी टेबलाजवळ पोचताच त्यांनी अडवलं.

"काहून गा, उशीर केला?"

"सिग्नल लागला होता, बाई."

"तुझ्या शर्टाले तर्रीचा वास येऊन राहिला. सिग्नलवर तर्री-पोहे भेटते का आजकाल?"

ओळखीच्या एकाने टपरीवरून हाक मारली होती आणि मी डबी खिशात ठेवून बशी हातात घेतली होती. मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "देवाले तरी विचारलं का, तुले पाहिजे का म्हणून?" आणि एवढ्या हसल्या की मेणबत्ती विझली.

पण जाताना, गावी माझी आई घरात पडून असते हे ऐकून, त्यांनी एक प्रश्न विचारला, आणि पुढे दर रविवारी विचारत राहिल्या. "तुझ्या मायले कोण नेऊन देते गा?"

आई तोवर घसरून पडली होती आणि तिचं चालणं बंद झालं होतं. आमच्या भागात एका फादरकडे सात-आठ गावं. फोनवर ती तक्रार करत नसे. "आल्यावर देतील की," म्हणायची. मी इथे अनोळखी म्हातारीच्या दारात वेळेवर पोचत होतो आणि माझी म्हातारी वाट पाहत होती. मग मी ठरवलं की निदान एकदा तरी मी तिला स्वतःच्या हाताने देईन. तसं तिला फोनवर सांगितलंही.

गावी पोचलो तो रविवार होता. आई न्हाऊन, पांढरं लुगडं नेसून खाटेवर बसली होती. समोरच्या स्टुलावर पांढरं कापड, मेणबत्ती, क्रूस आणि पाणी होतं. कम्युनियनआधी उपास धरायचा म्हणून सकाळपासून तिने चहासुद्धा घेतला नव्हता.

"आणलंस?" तिने विचारलं.

तिला वाटलं होतं, मी नागपुराहून घेऊन येईन. जशी दिवाळीत संत्र्याची बर्फी आणतो तशी. रात्रभर गाडीत ते असं आणता येत नाही, आणि माझी नेमणूक फक्त माझ्या धर्मग्रामापुरती, म्हणजे नागपूरच्या आमच्या देवळाच्या हद्दीपुरती आहे, इथे मी साधा पाहुणा आहे, हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. "तिथल्या समद्यांना देतूस," ती म्हणाली, "आन् मलाच न्हाई व्हय?"

मी भावाची मोटारसायकल काढली. फादर तरुण होते, दुसऱ्या गावाला निघण्याच्या घाईत होते. सगळं ऐकून त्यांनी आजच्या दिवसापुरती परवानगी दिली. डबी माझ्या हातात ठेवताना म्हणाले, "आज तुम्ही आहात. पुढच्या रविवारी कोण?" पुन्हा तोच प्रश्न.

दुपार होत आली होती. मी प्रार्थना म्हटली, "ख्रिस्ताचे शरीर" म्हणालो. आईने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्या हातातल्या भाकरीकडे पाहत होती. "आमेन" म्हणून तिने डोळे मिटले. कबूल करायला लाज वाटते, पण मला वाईट वाटलं. तिने मला पाहावं, तू आलास, सगळं फिटलं, असं काहीतरी म्हणावं, यासाठी मी आलो होतो. ती मात्र वेगळ्याच कुणाची वाट पाहत होती.

तिने डोळे उघडले तेव्हा भावाची बायको मार्था तिच्या पाठीशी उशी सरकवत होती. मी तिला म्हणालो, "मार्था, हे काम तू करशील? फादरना मी सांगतो."

"मी? दादा, माझे हात शेणामातीचे. म्हशीखालून उठून मी ख्रिस्त धरू?"

आई म्हणाली, "येडे, मला न्हाऊ घालणारे हात कुणाचे हायेत?"

मार्थाचं नाव बिशपांकडे गेलं, तिचं शिक्षण झालं, नेमणूक मिळाली. वर्ष व्हायला आलं. ते नाव मी सुचवलं खरं, पण ते सुचवताना आईला पुन्हा कधी स्वतःच्या हाताने देण्याची माझी इच्छा मी सोडून देत होतो. ज्यांनी गाव सोडलं त्यांना हे कळेल. मागे राहिलेल्यांनाही कळावं म्हणून लिहितो आहे.

मार्थाच्या नेमणुकीनंतर लगेचच्या रविवारी सुसन्नाबाईंनी सवयीने विचारलं, "तुझ्या मायले कोण नेऊन देते?"

"मार्था. भावाची बायको. दर रविवारी."

"मग तू काहून तोंड पाडून राहिला?"

"वाटायचं, ते माझं काम होतं."

"तुझं काम इथं आहे. दे." त्यांनी दोन्ही तळवे पुढे केले.

आता रविवारी दुपारी आईचा फोन येतो. मार्थाने दिलं हे ती सांगत नाही, ते मी धरून चालतो. ती आधी विचारते, "तुझ्या त्या म्हातारीला नेऊन दिलंस का?" तिने सुसन्नाबाईंना कधी पाहिलेलं नाही. मी म्हणतो, "दिलं."

"वाटंत कुठं थांबला न्हाईस ना?"

"नाही आई," मी म्हणतो. "थेट घरी गेलो."