गेटवरची झडती

रसायनीच्या कारखान्यात मी ऑपरेटर होतो. गेटवरचा पहारेकरी रोज माझे खिसे चाचपायचा आणि वर विचारायचा, "राग नाय ना, भाऊ?"

एकदा मी चिडलो. "अरे, विषारी वायूचा वॉल्व्ह माझ्याच हातात असतो. घात करायचा तर खिशात काही आणायला कशाला हवं?"

"तुमाला सोडलं, तर बाकीच्यांना कोणत्या तोंडानं अडवू?"

मग मागून आलेली मोठ्या साहेबांची गाडीही त्यानं थांबवली, डिकी उघडायला लावली.

दुसऱ्याच दिवशी त्याला नदीकडच्या, कायम बंद असलेल्या गेटवर पाठवलं. मी तिकडे जाऊन विचारलं, "इथं कुणाला तपासतोस?"

"कोनालाच नाय," तो हसून म्हणाला. "इथं सगळे सारखे."