भास्करभाऊंचं संशोधन

सीएच्या ऑफिसात काम करणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. फाइल उघडली की आतून आपोआप पडतात. त्यात फाइल भास्करभाऊंची असली तर विचारूच नका!

आमच्या बुऱ्हाणपुरात, देडतलाईच्या रस्त्याला त्यांचा केळीच्या खोडापासून धागा काढायचा कारखाना आहे. नव्या मशीनसाठी त्यांनी सरकारी अनुदानाचा अर्ज केला होता. अट अशी की संशोधनावर खरंच खर्च झालाय हे आम्ही तपासून द्यायचं, मग भोपाळचे साहेब येऊन बघणार. "नाही मिळालं तर कुलूप लावतो भो," भास्करभाऊ मला म्हणाले. गंमत करत नव्हते.

*

कारखान्याचे मुनीम दुबेजी. त्यांनी आर अँड डीचा खर्च एवढा दाखवला की आमच्या सरांनी चष्मा पुसून परत पाहिलं. मी बिलं काढली. बेअरिंग, पट्टे, जनरेटरचं तेल!

"दुबेजी, हे काय आहे?"

"आर यानी रिपेरिंग, डी यानी डीजल. और क्या?"

सगळा आकडा खोडला.

*

मग मी सोपं करून, मराठीत सांगितलं, "संशोधनाचे कागद आणा."

दुसऱ्या दिवशी दुबेजी गठ्ठा घेऊन हजर. चुकलेली आणि सुधारून परत भरलेली इन्कम टॅक्सची रिटर्न्स! हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, हे मी बुऱ्हाणपुरात जन्मूनही विसरलो होतो.

"संशोधन तो हम हर साल करते हैं साहब!" दुबेजी खुशीत म्हणाले.

*

शेवटी प्रयोगशाळा बघायला मीच गेलो. भास्करभाऊंनी मला थेट कारखान्यामागच्या घरात, मोरीपाशी नेलं. तिथं वॉशिंग मशीन! केळीचा धागा खरखरीत, तो मऊ व्हावा म्हणून भाऊ त्यात कधी ताक, कधी रिठा घालून फिरवायचे. ताकाचा कुजला, रिठ्याचा जमला. त्या धाग्याचा एक टॉवेलही शेजारच्या लूमवर विणून घेतलेला.

"दोन मशिनी घालवल्या ह्यांनी," वहिनी कडाडल्या. "हातानं कपडे धुऊ धुऊ जीव गेला माझा!"

मी खूश! अहो, हेच तर संशोधन!

"मशिनींचं बिल कुठंय?"

"घरखर्चात गेलं."

"आणि ताकाचा खर्च?"

"ते फसलं ना भो. फसलेल्याचे पैसे कोणत्या तोंडानं मागू?"

मला त्या माणसाचा रागही आला आणि भरूनही आलं.

*

बिल सापडायच्या आधीच भोपाळचे साहेब येऊन थडकले. फाइल चाळली, "इसमें रिसर्च कहाँ है?" म्हणत मिटली. भास्करभाऊंचं तोंड एवढंसं झालं.

जाण्याआधी वहिनींनी साहेबांना हात धुवायला पाणी दिलं, टॉवेल दिला. साहेब पुसता पुसता थांबले.

"बड़ा मुलायम है. कहाँ से लिया?"

"आमच्या वॉशिंग मशीनमधून," वहिनी म्हणाल्या.

साहेबांनी मोरीत जाऊन मशीन पाहिलं, धागा चोळून पाहिला. बाहेर येऊन मिटलेली फाइल परत उघडली.

"मुनीमजी, इसमें वॉशिंग मशीन का खर्चा चढ़ाइए."

दुबेजींनी लगेच खिशातला पेन काढला.

"जी साहब. किसमें लिखूँ? रिपेरिंग में या डीजल में?"