चंद्रीला टेम्पोत चढवताना

चिपळूणच्या स्टँडवर एसटीत बसले तेव्हा मी फक्त द्राक्षं खायला निघाले होते. कुंभार्ली घाट चढून गाडी कोयनेच्या खोऱ्यात उतरली. कराडला बदलून तासगावची गाडी धरली आणि आपल्या कोकणातल्या डोळ्यांना अगदी उघडंवाघडं वाटणारं माळरान सुरू झालं. मधूनच द्राक्षांचे मांडव, त्यांच्या कडेला बेदाणा वाळवायच्या जाळीच्या शेड. कॉलेजातली मैत्रीण सुरेखा मोटरसायकल घेऊन न्यायला आली होती. मी मागे बसायच्या आधीच तिनं सांगितलं, की उद्या चंद्रीला कराडच्या लिलावात न्यायचंय आणि तूही चलायचंस.

चंद्री म्हणजे त्यांची म्हैस. कपाळावर पांढरा चांद, म्हणून चंद्री. सुरेखाच्या सासूबाई, आक्का, सोडून ती कुणालाच धार काढू देत नाही. पावसाळ्यात आक्का घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण मुठीत जोर राहिला नाही. सुरेखाच्या नवऱ्यानं, संजयनं, एकदा प्रयत्न केला तर चंद्रीनं त्याला बादलीसकट उडवलं. तेव्हापासून आक्का दुखऱ्या हातानंच कशीबशी धार काढत होत्या.

जेवायला ज्वारीची भाकरी आणि खर्डा (हिरव्या मिरचीचा ठेचा) होता. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, म्हणून आक्कांच्या डोळ्यांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. उठताना त्या एवढंच म्हणाल्या, "बोली कुनाची का आसंना. जिला ही धार दील, तिच्याच हातात दावं द्यायचं."

सकाळी दारात टेम्पो लागला. मागचा फाळका पाडून त्याला फळी टेकवली. संजयचा बेत सोपा होता: आधी रेडकू (म्हशीचं पिल्लू) चढवायचं, की आई आपोआप मागे येईल. रेडकू चढलं. चंद्री फळीपर्यंत आली. तेवढ्यात रेडकानं खाली उडी मारली आणि मायलेकी गोठ्याकडे चालू लागल्या. हे तीनदा झालं. चौथ्या वेळी आम्ही रेडकू आत बांधून ठेवलं, तर चंद्री फळीसमोर बसली. संजय पुढून ओढत होता, ड्रायव्हर मागून ढकलत होता, सुरेखा शेपूट धरून उभी होती आणि मी सगळ्यांना सूचना देत होते. चंद्री रवंथ करत होती.

मग ती अचानक उठली, संजयच्या हातातलं दावं सोडवून सरळ बेदाण्याच्या शेडमध्ये शिरली. आम्ही पोचलो तेव्हा तिचं तोंड खालच्या जाळीत होतं. संजय कपाळाला हात लावून खाली बसला. आणि आक्का, कालपासून गप्प असलेल्या आक्का, हसायला लागल्या. शेडच्या खांबाला धरून, पदर तोंडात कोंबून त्या इतक्या हसल्या, की आम्हालाही आवरेना.

मी ओढणीत बेदाणे घेतले आणि एकेक मूठ दाखवत उलट्या पावली चालू लागले. चंद्री माझ्या मागे निघाली. फळीवरून वर, थेट टेम्पोत. पाठीला पुढची जाळी टेकली तेव्हा लक्षात आलं, की मी आत आहे, समोर म्हैस आहे, आणि संजयनं आनंदाच्या भरात फाळका लावून टाकलाय.

"ऱ्हाऊ द्या तिला तितंच," आक्का ड्रायव्हरशेजारी बसत म्हणाल्या. "चंद्रीला सोबत हुईल."

सुरेखा आणि संजय माझी पिशवी घेऊन मोटरसायकलवर मागून येत होते. कराडपर्यंतचा तो प्रवास मी जन्मात विसरणार नाही. वारा, धूळ, पायाशी रेडकू आणि प्रत्येक खड्ड्याला माझ्या खांद्यावर येणारं चंद्रीचं भलंमोठं डोकं. उसाच्या ट्रॅक्टरवरची माणसं मला हात करत होती. मीही करत होते.

लिलावात बोली चढत गेली, पण आक्कांची अट ऐकून लोक चक्रावले. एका व्यापाऱ्यानं धार काढायला गडी बसवला. चंद्रीनं त्याचा पटका चिखलात पाडला. दुसरा पुढे आलाच नाही. आक्कांचा चेहरा पडू लागला. तेवढ्यात वाईकडची एक तरुण बाई बोली लावणाऱ्या नवऱ्याला बाजूला सारून पुढे झाली. तिनं आधी चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवला, कानाशी काहीतरी बोलली, मग बसून कुशीला डोकं टेकवलं. बराच वेळ काहीच झालं नाही. आक्कांनी माझा हात घट्ट धरला होता.

मग बादलीत धारेचा आवाज आला.

आक्कांनी दावं तिच्या हातात दिलं. "रोज आदी तिच्याशी बोल गं बाई. मगच भांडं लाव."

"व्हय आक्का."

मी तिथूनच चिपळूणची गाडी पकडली. आक्कांनी माझ्या गालावरून हात फिरवला, तेव्हा त्या रडतही होत्या आणि हसतही. मला त्यांच्याकडे पाहून वाटलं, निरोप असाही घेता येतो. एसटीत माझ्या अंगाला येणाऱ्या वासानं दोघंतिघं उठून मागे गेली. शेजारी एकच पाटणची म्हातारी टिकली. तिनं नाक न मुरडता विचारलं, "आवं, म्हस हाय व्हय घरी?"

"होती," मी म्हणाले, "आजच दिली. फार गुणाची होती." आणि पाटण येईपर्यंत मी तिला आमच्या चंद्रीबद्दल सांगत राहिले.