साडूंनी भरलेली लोंबी

माणसाची ओळख पाठीमागून करून घेणारा माणूस अख्ख्या बदलापुरात एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. अंबरनाथ एमआयडीसीत जन्मभर फिटरकी करून हे गृहस्थ निवृत्त झाले आणि उल्हासनगरच्या एका जीन्स कारखान्यातलं जुनं भरतकामाचं मशीन टेम्पोत घालून बेलवलीच्या दोन खोल्यांत घेऊन आले. तेव्हापासून विकतची जीन्स त्यांनी अंगाला लावलेली नाही; स्वतःची आणि साऱ्या गोतावळ्याची हेच शिवतात. रस्त्यात नजर सतत पुढच्याच्या खिशावर. मेव्हणी चिमटा काढून म्हणते, "अहो, बाई आहे ती!" हे शांतपणे म्हणतात, "असू दे गं, दोरा कच्चा आहे तिचा." कापड बेतण्याआधी तीनदा भिजवणार. त्यापायी सगळ्या घराच्या टाचा निळ्या. सोसायटीच्या चेअरमनने मोरीच्या निळ्या पाण्याची तक्रार केली, तर त्याचंच माप घेऊन आले.

खिशावर काय भरायचं ते मात्र कुणाला विचारत नाहीत. मेव्हणीच्या खिशावर चोच वासलेली चिमणी, वॉचमनच्या खिशावर त्याच्या गावचा आंबा. माझ्या खिशावर त्यांनी भाताची लोंबी भरली. पालेगावात जिथे आता टॉवर आहेत, तिथे माझ्या बापाचं भात होतं. दाण्यादाण्याला पिवळा वेगळा. आठवडा लागला म्हणे.

आणि मी, कंपनीतला ऑफिसर. बुडावर भात घेऊन चारचौघांत कसं फिरायचं? उल्हासनगरात जाऊन ती लोंबी उसवून घेतली. दुकानदार म्हणाला, "साईं, कौनसा लेबल मारूं? सब है." मी कमरपट्टीवर परदेशी लेबल मारून घेतलं.

तीच जीन्स घालून मुलीच्या लग्नाच्या बैठकीला बसलो. होणारे व्याही म्हणाले, "वा! कुठली हो ही?" मी म्हणालो, "भाच्याने दुबईहून आणली." समोर पोह्यांची बशी घेऊन साडू बसले होते. स्वतःचा टाका त्यांना अंधारातही ओळखू येतो. मेव्हणीने तोंड उघडलं, तसे साडूच घाईने म्हणाले, "कापड चांगलं असतं हो तिकडचं."

निघताना जिन्यात मला बाजूला घेतलं. वाटलं, आता झाडणार. झाडलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाले, "साडूबुवा, लेबल तिरकं बसलंय. उद्या पाठवून द्या, सरळ करून देतो." मी जीन्स पाठवली. त्यांनी सरळ करून दिलं, वर इस्त्रीही करून.

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. दर दिवाळीला साडू अजून माझं माप घेतात. यंदा कमरेला टेप गुंडाळून खाली बघतच म्हणाले, "खिसा कोराच ठेवू ना?" आणि टेप न सोडता जरा थांबले.

"हो," मी म्हणालो, "कोराच."